मस्किंगमच्या कांठचें एक पत्र

इतिहासाच्या साधनांत पत्राला जें मोल आहे तें बखरीला नाहीं, ही गोष्ट राजवाडे, खरे प्रभृति संशोधकांनीं आपल्याकडे इतक्या वेळां सांगितली आहे कीं, तिची वेगळी सिद्धता आतां करावयास नको. बखर लिहिणारास गोष्टीचा शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणारास तो ठाऊक नसतो. उद्यां काय होईल या विवंचनेंत तो लिहीत असतो, आणि म्हणूनच त्याचे शब्द आपणांस खरे वाटतात. हें सर्व मान्य करूनहि एक प्रश्न उरतोच. पत्र अस्सल आहे, लिहिणारा प्रामाणिक आहे, त्यानें दिलेले आंकडे चोख आहेत, एवढ्यावरून घडलेली गोष्ट त्या पत्रांत पुरी आली असें म्हणतां येईल काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आपल्या इतिहासांतील एखादें पत्र घेतलें तर स्वकीय-परकीयांचा अभिमान आड येण्याचा संभव आहे. यास्तव, ज्यांतील वादाशीं आपलें कांहीं देणेंघेणें नाहीं असें एक दूरदेशचें पत्र मी वाचकांपुढें ठेवीत आहे.

हें पत्र उत्तर अमेरिकेंत, मस्किंगम नदी ओहायोला मिळते तेथें वसलेल्या मॅरिएटा गांवाहून ८ जानेवारी १७९१ रोजीं लिहिलेलें आहे. लिहिणारा रूफस पटनम हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत ब्रिगेडियर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढलेला अधिकारी. ज्याला लिहिलें तो त्याचा जुना सरसेनापति आणि आतां संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. काळ ध्यानांत यावा म्हणून सांगतों: त्याच महिन्यांत इकडे परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडास वेढा देऊन बसले होते, आणि १७८१ सालीं यॉर्कटाऊन येथें ज्याच्या सैन्यास वॉशिंग्टनपुढें शस्त्रें ठेवावीं लागलीं तो कॉर्नवॉलिस मद्रासेस टिपूवरील मोहिमेची सिद्धता करीत होता.

पत्र लिहिण्याचें कारण असें. सहा दिवसांपूर्वीं, २ जानेवारीच्या सायंकाळीं, मॅरिएटापासून मस्किंगमच्या वरच्या अंगास सुमारें चाळीस मैलांवर असलेल्या एका नव्या वसाहतीवर त्या देशच्या मूळ रहिवाशांनीं अचानक छापा घातला. नदीकांठच्या सखल मळईच्या जमिनीला तिकडे ‘बॉटम’ म्हणतात. ही मळई मोठी म्हणून जागेचें नांव ‘बिग बॉटम’. कांहीं तरुण मंडळी थोड्याच महिन्यांपूर्वीं तेथें राहावयास गेली होती. मॅरिएटांतील वडीलधाऱ्यांनीं त्यांस तूर्त थांबण्याविषयीं सांगितलें होतें. पण तरुणांना तितका धीर नव्हता. त्यांनीं ओंडक्यांची एक गढी उभारली, मात्र तिच्या फटी बुजविल्या नाहींत, भोंवतीं मेढेकोट घातला नाहीं, पहाराहि ठेविला नाहीं. डेलावेअर व वायंडॉट जमातींचे लोक आंत शिरले तेव्हां मंडळी रात्रीच्या जेवणाच्या नादांत होती आणि बंदुका कोपऱ्यांत उभ्या होत्या. अकरा पुरुष, एक स्त्री व दोन मुलें ठार झालीं, तीन माणसें बेपत्ता आहेत आणि चौघे निसटले, असें पटनम कळवितो.

येथपर्यंतचा मजकूर कोणत्याहि ठाण्यावरील अंमलदारानें लिहिला असता. पटनमची खरी हातोटी पुढें दिसते. आपली भीति कशावर उभी आहे याची तो अध्यक्षांस मोजदाद देतो. फोर्ट हार्मर या जवळच्या किल्ल्यांत वीसांहून थोडेच अधिक शिपाई उरले आहेत. सर्व वसाहती मिळून, मुलकी व लष्करी अधिकारी धरून, हत्यार उचलूं शकतील असे पुरुष फार तर २८७, आणि त्यांच्याजवळचीं हत्यारें बेताचींच. मॅरिएटास एका मैलाच्या टापूंत सुमारें ऐंशीं घरें. ओहायोच्या वरच्या अंगास तीन मैलांपर्यंत तुरळक वस्ती. चार मैलांवर डक क्रीक नांवाच्या ओढ्यावर पाणचक्क्या. मस्किंगमवर दोन मैलांवर आणखी एक. त्याच नदीनें बावीस मैल वर गेलें म्हणजे सुमारें वीस कुटुंबें. त्यांच्यापासून दोन मैलांवर वुल्फ क्रीकच्या कांठीं पांच कुटुंबें आणि पाणचक्क्या. ओहायोच्या खालच्या अंगास बेलप्री येथें बारा मैलांच्या पट्टींत तीस ते चाळीस घरें. प्रांताचा गव्हर्नर व सेक्रेटरी दोघेहि बाहेर गेलेले. व्हर्जिनिया किंवा पेनसिल्व्हेनियाकडून मदत येण्याचा संभव नाहीं.

या २८७ पुरुषांतहि जवळजवळ निम्मे म्हणजे मोलानें आणलेले तरुण. पुढेंमागें येथें स्थायिक व्हावें असा त्यांचा विचार होता. पण असे दिवस आल्यावर ते निघून जातील, आणि नवे लोक तर येणारच नाहींत. बायकामुलें हलविलीं तर गरिबांचे अतोनात हाल होतील. त्यांत शत्रूनें मका, वैरण व गुरेंढोरें नासलीं तर या लोकांनीं जगावें कसें याचा कांहींच मार्ग त्याला दिसत नाहीं. आणि तसें न घडलें तरी पुढील सालची भाकर कोठून यावयाची, हा प्रश्न राहतोच. सरकारनें त्वरित फौज पाठविली नाहीं तर आमचा सर्वनाश झालाच म्हणून समजावें, असें तो स्वच्छ लिहितो. या बाजूची फौज काढून खालीं मायामीकडे कां नेली हें कित्येकांस कोडें वाटतें, असा एक चिमटाहि तो जातां जातां काढतो.

घरें आणि पाणचक्क्या इतक्या बारकाईनें मोजणारी ही नजर कशी तयार झाली हें पाहण्यासारखें आहे. पटनमचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील सटन गांवीं ९ एप्रिल १७३८ रोजीं झाला. सातव्या वर्षीं त्याचा बाप वारला. आईनें पुनर्विवाह केला. सावत्र बाप खाणावळ चालवी, आणि मुलाच्या शिक्षणाविषयीं त्याला तिरस्कारच होता. उतारूंकडून मिळालेल्या दोन-चार पैशांची मुलानें बंदुकीची दारू घेतली, पांखरें मारून विकलीं, आणि त्या कमाईंतून शब्द लिहावयास शिकविणारें एक पुस्तक विकत आणलें. सोळाव्या वर्षीं तो पाणचक्क्या बांधणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवार म्हणून राहिला. १७५७ सालीं, एकोणीस वर्षांचा असतां, फ्रेंचांशीं चाललेल्या युद्धांत तो शिपाई झाला. त्याच्या आयुष्यांतील पहिलें नांव घेण्यासारखें काम १७७६ च्या मार्च महिन्यांतलें. बोस्टन शहर इंग्रजांच्या ताब्यांत होतें. त्यावर तोफा डागावयाच्या तर डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे हवेत, आणि तेथील जमीन तर गोठून दगडासारखी झालेली. जनरल हीथकडून उसन्या आणलेल्या एका स्थापत्यग्रंथांत लांकडी चौकटींत काटक्यांच्या मोळ्या भरून जमिनीवरच तटबंदी रचण्याची युक्ति पटनमच्या पाहण्यांत आली व ती त्यानें सरसेनापतीस सुचविली. चौकटी आधींच तयार करून ठेविल्या होत्या. एका रात्रींत मोर्चा उभा राहिला, आणि १७ मार्च रोजीं इंग्रजांनीं बोस्टन सोडलें.

मनुष्य मोठा झाला तरी लहानपणीं राहिलेलें शिक्षण राहिलें तें राहिलेंच. पटनमचें शुद्धलेखन अखेरपर्यंत सुधारलें नाहीं, आणि त्याची खंत त्यानें आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली आहे. प्रस्तुत पत्रांतहि शब्द कानाला लागतील तसे लिहिलेले आहेत. युद्ध आमच्याकडे डोळे वटारून पाहत आहे अशा अर्थाचें एक वाक्य त्यानें घातलें आहे. त्यांतील टक लावून पाहणें या अर्थाचा ‘स्टेअर’ हा शब्द त्यानें जिन्याच्या पायरीचा वाचक असलेल्या ‘स्टेअर’ शब्दाच्या अक्षरांनीं लिहिला आहे. उच्चार एकच, लेखन वेगळें. अध्यक्षांस पत्र लिहितांनाहि आपल्या अक्षरांची लाज धरून त्यानें हात आवरला नाहीं, यांत त्याच्या स्वभावाचा सरळपणा दिसतो. याच मनुष्यानें पुढें १७९७ सालीं मॅरिएटास अकॅडमी काढण्यांत पुढाकार घेतला आणि १८०४ सालीं स्थापन झालेल्या ओहायो विश्वविद्यालयाचा तो विश्वस्त झाला. स्वतःला जें मिळालें नाहीं तें दुसऱ्याच्या मुलांस मिळावें असें वाटणाऱ्यांपैकीं तो होता.

असा कष्टाळू आणि सरळ मनुष्य आपले सहकारी घेऊन मॅसॅच्युसेट्सपासून शेंकडों मैल दूर असलेल्या अरण्यांत कशाला गेला? याचें उत्तर सैन्याच्या पगारांत आहे. क्रांतियुद्ध संपलें तेव्हां अधिकाऱ्यांच्या हातीं रोकड आली नाहीं, सरकारी रोखे आले. आणि बाजारांत त्या रोख्यांस दर्शनी किमतीचा एक लहानसा अंशच मिळे. सरकारजवळ पैसा नव्हता, पण ओहायोपलीकडची जमीन आपली आहे असें तें म्हणत होतें. १७८३ च्या जून महिन्यांत दोनशें ऐंशींहून अधिक अधिकाऱ्यांनीं या जमिनीसाठीं काँग्रेसला अर्ज केला. तो पुढें धाडावा म्हणून पटनमनें वॉशिंग्टनला जें लांबलचक पत्र लिहिलें, त्यांत किल्ल्यांची साखळी, चौरस आंखलेले तालुके, शाळा व चर्च यांसाठीं राखून ठेवावयाची जमीन, हें सर्व चित्र रेखाटलेलें आहे. १ मार्च १७८६ रोजीं बोस्टनच्या एका खाणावळींत ‘ओहायो कंपनी’ स्थापन झाली. १३ जुलै १७८७ रोजीं काँग्रेसनें या वायव्य प्रदेशासाठीं प्रसिद्ध कायदा केला, आणि ७ एप्रिल १७८८ रोजीं पटनमच्या नेतृत्वाखालीं ४८ माणसें मस्किंगमच्या मुखाशीं उतरलीं. फ्रान्सनें युद्धांत केलेल्या साह्याची आठवण म्हणून गांवाला राणी मारी आंत्वानेतचें नांव दिलें. त्याचाच संक्षेप ‘मॅरिएटा’. उतरले त्या दिवशीं डेलावेअर जमातीचा नायक कॅप्टन पाइप आपल्या सुमारें सत्तर माणसांसह तेथें व्यापारासाठीं आलेला होता. त्यानें पाहुण्यांचें स्वागत केलें.

स्वागतापासून बिग बॉटमच्या छाप्यापर्यंत पुरतीं तीन वर्षेंहि गेलेलीं नाहींत. या अवधींत काय घडलें, हें पटनमच्या पत्रांत एका ओळीपुरतें आहे, पण आहे. गेल्या वर्षींच्या मोहिमेपूर्वीं जें युद्ध तुटक तुटक चाललें होतें तें आतां सार्वत्रिक झालें असावें, असें तो लिहितो. ही मोहीम म्हणजे जनरल हार्मरची १७९० च्या ऑक्टोबरमधील स्वारी. जवळजवळ दीड हजार माणसें घेऊन हार्मर मायामी व शॉनी लोकांच्या गांवांवर चालून गेला. लोक गांवें सोडून निघून गेले होते. सैन्यानें घरें जाळलीं आणि हिंवाळ्यासाठीं सांठविलेला व शेतांत उभा असलेला मका जाळला. नंतरच्या चकमकींत लिटल टर्टल या मायामी सेनापतीनें हार्मरचीं दीडशेंहून अधिक माणसें मारलीं आणि तो माघारा फिरला. म्हणजे ज्या जानेवारींत पटनम आपला मका शत्रु जाळील या काळजींत होता, त्याच जानेवारींत त्याच्या सरकारनें ज्यांचा मका जाळला तीं कुटुंबें अर्धपोटीं दिवस काढीत होतीं. मक्याच्या एका पिकावर सबंध वर्षाचें जीवित अवलंबून असणें म्हणजे काय हें मॅरिएटाच्या लोकांना कळत नव्हतें असें नाहीं. १७८९ सालीं अकालीं पडलेल्या हिमानें त्यांचें पीक गेलें होतें, आणि १७९० च्या उन्हाळ्यांत त्यांनीं स्वतः उपासमार भोगली होती. तरी पत्रांत हे दोन मके एकमेकांशेजारीं येत नाहींत.

यांत पटनमनें कांहीं दडविलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. दडविण्यासाठीं ती गोष्ट आधीं मनांत यावी लागते. ज्या शब्दानें तो या लोकांचा उल्लेख करतो त्याचा अर्थ ‘रानटी’ असा आहे. आणि हा शब्द एकदां लेखणींतून उतरला म्हणजे ‘हे कां आले?’ हा प्रश्न विचारण्याची गरज वाटेनाशी होते. पूर आला, हिम पडलें, तसे रानटी आले. संकटाचें वर्णन करावें, मदत मागावी. पुराला कारण कोण विचारतो?

परंतु या लोकांजवळ कारण होतें, आणि तें त्यांनीं लिहून कळविलेंहि होतें. १७८६ च्या डिसेंबरांत डेट्रॉइट नदीच्या मुखाजवळ भरलेल्या संयुक्त जमातींच्या पंचायतीनें अमेरिकेच्या काँग्रेसला एक खलिता धाडला. त्याचा आशय असा कीं, जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची आहे. एकेका जमातीला गांठून केलेले तह आम्हांस बंधनकारक नाहींत. सर्वांशीं मिळून तह करा, आणि तोंपर्यंत तुमचे मोजणीदार ओहायोच्या या तीरास पाठवूं नका. काँग्रेसनें मोजणीदार थांबविले नाहींत. ९ जानेवारी १७८९ रोजीं फोर्ट हार्मर येथें पुन्हां तह झाला तेव्हां त्या तहास शॉनी व मायामी हजरच नव्हते. आपल्याकडे भाऊबंदकीच्या जमिनीचे दावे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही स्थिति समजावून सांगावयास नको. एका भावानें करून दिलेल्या खरेदीखतावर सगळ्या भावांची जमीन गेली, आणि घेणारा मात्र आपणांस पक्का खरेदीदार समजत होता.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्या कायद्याच्या आधारें पटनम तेथें उतरला त्याच कायद्यांत या लोकांची बाजू लिहिलेली होती. १७८७ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत शाळा व शिक्षण यांस सदैव उत्तेजन द्यावें असें म्हटलें आहे, आणि त्याच कलमांत पुढें मूळ रहिवाशांशीं पूर्ण सचोटीनें वागावें, त्यांच्या संमतीवांचून त्यांची जमीन व मालमत्ता घेऊं नये, असेंहि म्हटलें आहे. काँग्रेसनें अधिकृत केलेल्या न्याय्य युद्धाचा तेवढा अपवाद. सहाव्या कलमानें त्या सबंध प्रदेशांत गुलामगिरीस बंदी झाली, आणि १८०२ सालीं ओहायोची घटना तयार होत असतां गुलामगिरीचा शिरकाव होऊं नये म्हणून जे झटले त्यांत पटनम होता. म्हणजे ही मंडळी न्यायाची चाड नसलेली नव्हती. त्यांचा न्याय ज्या रेषेवर येऊन थांबे ती रेषा त्यांना स्वतःला दिसत नव्हती, इतकेंच.

पत्राचा परिणाम काय झाला? डाकेची सोय नसलेल्या त्या मुलखांतून भर हिंवाळ्यांत तें फिलाडेल्फियास पोंचलें, आणि २७ जानेवारी रोजीं वॉशिंग्टननें सरहद्दीवरील इतर कागदांबरोबर तें काँग्रेसपुढें ठेविलें. मार्चच्या आरंभीं नवी पलटण उभारण्याचा व तात्पुरती फौज भरण्याचा कायदा झाला. गव्हर्नर सेंट क्लेअर त्या फौजेचा सेनापति झाला. ४ नोव्हेंबर १७९१ रोजीं पहांटे लिटल टर्टल व शॉनींचा ब्लू जॅकेट यांनीं तिच्यावर झडप घातली; सहाशेंहून अधिक सैनिक पडले. मूळ रहिवाशांच्या हातून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव पूर्वीं झाला नव्हता, आणि पुढेंहि झाला नाहीं. मॅरिएटाच्या लोकांनीं तीं वर्षें ‘कँपस मार्शियस’ या आपल्या गढींत आणि मेढेकोटांच्या आड काढलीं. शेतांत जातांना बंदूक बरोबर न्यावी लागे.

यानंतर पटनमच्या आयुष्यांत एक प्रकरण आलें, आणि तें मला या पत्राइतकेंच महत्त्वाचें वाटतें. १७९२ सालीं त्याला सैन्यांत पुन्हां ब्रिगेडियर-जनरल नेमून वाटाघाटीसाठीं पाठविण्यांत आलें. मोरेव्हियन मिशनरी जॉन हेकवेल्डर त्याच्याबरोबर होता. या गृहस्थाचें सबंध आयुष्य डेलावेअर लोकांत गेलें होतें व त्यांची भाषा त्याला अवगत होती. वाबाश नदीवरील व्हिन्सेन्स येथें २७ सप्टेंबर १७९२ रोजीं पटनमनें त्या बाजूच्या जमातींशीं तह केला. तहाच्या चौथ्या कलमांत, ज्या जमिनींवर या लोकांचा न्याय्य हक्क आहे त्या त्यांच्या आहेत, त्या विकावयाच्या कीं नाहीं हें त्यांनींच ठरवावयाचें, असें स्पष्ट लिहिलें होतें. दीड वर्षापूर्वीं ज्यांना पत्रांत एकच सरसकट शब्द लाविला होता, त्यांच्यासमोर बसून त्यांचें बोलणें ऐकल्यावर त्याच हातानें ही अक्षरें लिहिलीं. सिनेटनें १७९४ च्या जानेवारींत हा तह फेटाळला; कारण आमच्याखेरीज दुसऱ्या कोणासहि जमीन विकतां येणार नाहीं असें कलम त्यांत नव्हतें.

आतां पटनमच्या पत्राचें खरें उत्तर पाहावयाचें. तें त्याला उद्देशून लिहिलेलें नव्हतें, पण त्याच्या एकेका ओळीस लागू पडतें. १७९३ सालीं वॉशिंग्टननें बेंजामिन लिंकन, बेव्हर्ली रँडॉल्फ आणि टिमथी पिकरिंग असे तीन वकील संयुक्त जमातींकडे धाडले. ओहायोपलीकडे लोक वसून गेले आहेत, त्यांना आतां उठवितां येत नाहीं, तेव्हां जमिनीबद्दल मोठी रक्कम घ्या, असें वकिलांचें म्हणणें होतें. १३ ऑगस्ट १७९३ च्या खलित्यानें पंचायतीनें उत्तर दिलें. पैशाचा आम्हांस उपयोग नाहीं. बायकामुलांचें पोट ज्या जमिनीवर भरतें ती पैशासाठीं आम्ही देणार नाहीं. पण तुमचे हे वसाहतवाले गरीब आहेत हें आम्ही जाणतों. गरीब नसते तर जेथें सदाची लढाई चालली आहे अशा मुलखांत ते कशाला आले असते? तेव्हां आम्हांस देऊं केलेली रक्कम त्यांनाच वांटून द्या. आमच्यावर फौजा पाठविण्यासाठीं जो खर्च करावा लागेल तोहि तींत मिळवा. म्हणजे त्यांच्या श्रमाची व घरादाराची भरपाई होऊन ते आनंदानें परत जातील. आम्ही मात्र आणखी मागें सरूं शकत नाहीं. मागें जागाच उरलेली नाहीं. असा त्या खलित्याचा मतलब होता.

पंचायतीला सल्ला देणारे इंग्रज अधिकारी जवळच होते, डेट्रॉइटचा किल्ला त्यांनीं १७९६ पर्यंत सोडला नव्हता, आणि अमेरिकनांचा पाय मागें जावा यांत त्यांचा स्वार्थ होता, हें इतिहासकारानें विसरूं नये. तथापि लेखणी कोणाचीहि असो, विचार पाहा. पटनम लिहितो कीं, आमच्यांतील गरीब माणसें काय खातील? पंचायत म्हणते कीं, तुमच्यांतील माणसें गरीब आहेत हें आम्ही ओळखतों. पटनमनें आपलीं घरें मोजलीं, कुटुंबें मोजलीं, पाणचक्क्या मोजल्या; समोरच्यांचीं घरें मोजलीं नाहींत. ज्यांना तो रानटी म्हणतो त्यांनीं समोरच्याची गरिबी आपल्या हिशेबांत धरली, आणि उपाय सुचवितांना त्याच्या पोटाचीहि सोय पाहिली.

उपाय मान्य होणें शक्य नव्हतें. २० ऑगस्ट १७९४ रोजीं जनरल वेननें फॉलन टिंबर्सच्या लढाईंत संयुक्त जमातींचा मोड केला, आणि ३ ऑगस्ट १७९५ च्या ग्रीनव्हिल येथील तहानें आजच्या ओहायो संस्थानाचा बहुतेक भाग त्यांनीं सोडला. उरलेल्या भागांतूनहि एकेक जमात उठत गेली. शेवटचे वायंडॉट १८४३ सालीं मिसिसिपीपलीकडे गेले. पटनम १७९६ पासून १८०३ पर्यंत संयुक्त संस्थानांचा सर्व्हेयर-जनरल होता. म्हणजे ज्या मोजणीदारांना पाठवूं नका म्हणून पंचायतीनें लिहिलें होतें त्यांचाच तो प्रमुख झाला. ४ मे १८२४ रोजीं तो मॅरिएटास वारला. त्याचे कागद तेथील कॉलेजांत आहेत, त्याच्या आठवणी १९०३ सालीं छापून निघाल्या, आणि त्याचें राहतें घर गढीच्या जागीं उभारलेल्या संग्रहालयाच्या आंत जसेंच्या तसें ठेविलेलें आहे.

त्याची समाधि ज्या स्मशानांत आहे त्याच्या मध्यभागीं मातीची एक मोठी टेकडी आहे. शेंकडों वर्षांपूर्वीं त्या भूमींत राहणाऱ्या लोकांनीं ती आपल्या मृतांसाठीं रचलेली. कंपनीच्या लोकांनीं गांव आंखतांना हें जुनें काम मोडूं नये म्हणून जागा राखून ठेविली, आणि त्याचा नकाशा पटनमनें स्वतः काढविला. ही सुजाणता थोडी नव्हे. त्या काळीं इतरत्र अशा टेकड्या नांगराखालीं गेल्या. गेलेल्या लोकांविषयीं आदर बाळगणें त्यांना जमलें. शेजारीं जिवंत असलेल्यांच्या बाबतींत तें अवघड गेलें.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें. पटनमचें पत्र खरें आहे. त्यांतील भीति खरी, आंकडे खरे, चौदा प्रेतें खरीं. या पत्राला खोटें ठरवून दुसऱ्या बाजूचा कैवार घेणें सोपें आहे, पण त्यानें बिग बॉटमच्या त्या दोन मुलांवर अन्याय होईल. उलट, एवढें एकच पत्र हातीं धरून त्या प्रदेशाचा इतिहास लिहिला, आणि तो पुष्कळ काळ तसाच लिहिला गेला, तर जाळलेल्या मक्यावर अन्याय होईल. संकटांत सांपडलेला मनुष्य आपल्याच घरांची मोजदाद करणार, हें स्वाभाविक आहे, आणि त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. पण त्याच्यानंतर दोनशें वर्षांनीं, उबदार घरांत दिव्याजवळ बसून तें पत्र वाचणाऱ्यास ही सबब चालणार नाहीं. पत्र लिहिणाऱ्याला न दिसलेलीं घरें मोजण्याचें काम त्याच्याकडे आलेलें आहे. आपल्या दप्तरांतील पत्रें वाचतांना, विशेषतः ज्या पत्रांत आपले लोक संकटांत आहेत आणि शत्रूला एकच सरसकट नांव दिलेलें आहे अशीं पत्रें वाचतांना, हें काम आपण कितीदां केलें आहे, याचा ज्याचा त्यानें विचार करावा.